नवी प्रणाली आणि जुने यंत्र

नवी ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात यावयाची असली, की तिच्याबरोबर एक छोटी यादी प्रसिद्ध होते. प्रोसेसर अमुक पिढीचा, रॅम इतकी, डिस्कवर मोकळी जागा इतकी. बहुतेक लोक ती यादी वाचत नाहीत. दुकानदार सांगेल तेवढ्यावर विश्वास ठेवतात. आमच्या मते संगणकाच्या इतिहासाचे इतके प्रामाणिक साधन दुसरे नाही. बखरीत पराक्रम फुगवून लिहिलेला असतो. राज्य कसे चालत होते हे कळण्यासाठी गावच्या सारावसुलीचे कागद पाहावे लागतात. ही यादी त्याच प्रकारचा कागद होय. कोणती प्रणाली किती सारा मागत होती, आणि त्याच्या बदल्यात रयतेच्या पदरात काय घालत होती, हे तिच्यावरून ताडता येते.

सास्तूरसारख्या गावात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला यांपैकी एकही काम आज संगणकावाचून पुरे होत नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तेव्हापासून तर हे अधिकच खरे झाले. आणि ज्या विंडोज १० या प्रणालीवर आपल्याकडील असंख्य यंत्रे चालत आली, तिची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या आपसूक येत असत त्या मात्र थांबल्या. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, एवढेच. पुढची प्रणाली घ्यावी म्हटले, तर ती जुन्या यंत्राला दारातच अडवते. हे असे का झाले ते समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणत्या कामाला किती जागा द्यावयाची, कळफलकावरून आलेले अक्षर कोठे पोचवावयाचे, छपाईला कागद कोणत्या क्रमाने जावयाचा, हे सारे तो पाहतो. पण कारभाऱ्यालाही बसावयास जागा लागते. यंत्राच्या स्मृतीचा आणि वेळेचा एक वाटा तो स्वतःकडे ठेवतो व उरलेला आपल्या कामाला देतो. अगदी पहिल्या संगणकांना असा कारभारी नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधला गेला, तो १९६० साली पुरा कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे आजच्या मापाने अवघी दहा किलोबाइट. त्या स्मृतीत कारभाऱ्याला वाटा द्यावयाचा नव्हता, सारी जागा कामाची. विंडोज ११ किमान चार गिगाबाइट रॅम मागते. टिफ्रॅकच्या चार लाखांहून अधिक पट! संगणकाने अद्याप एक ओळही छापलेली नसताना ही मागणी आहे, हे ध्यानात घ्यावे.

कारभारी डोईजड झाल्याची पहिली मोठी तक्रार अमेरिकेतली. १९६४ साली आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० ही लहानमोठ्या यंत्रांची मालिका जाहीर केली. सर्वांवर एकच प्रणाली चालावी असा बेत होता. प्रणाली तयार होता होता फुगत गेली, तिला उशीर झाला आणि लहान यंत्रांत ती मावेना. तेव्हा कंपनीने ८ व १६ किलोबाइटच्या यंत्रांसाठी निराळ्या, आटोपशीर प्रणाली करून दिल्या. या कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी पुढे १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात आपल्या अडचणींचा जमाखर्च मोकळेपणाने मांडला. आम्हांला येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. अंगरखा मोठा झाला, तेव्हा शिंप्याने तो कापून दिला. गिऱ्हाइकाला अंग वाढवून आण असे सांगितले नाही.

पुढे ही रीत उलटली. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली भाकीत केले होते, की एका चिपवर मावणाऱ्या भागांची संख्या झपाट्याने दुपटीदुपटीने वाढत जाईल. तसेच झाले, स्मृती स्वस्त झाली, आणि काटकसर करण्याचे प्रणाली लिहिणाऱ्यांना कारण उरले नाही. १९८५ साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीने २५६ किलोबाइट मागितले. १९९५ साली चार मेगाबाइट, २००१ साली एक्सपीने ६४ आणि २००७ साली व्हिस्टाने ५१२ मेगाबाइट. बावीस वर्षांत दोन हजार पट. यांतील ‘किमान’ हा शब्द फारच उदार असे. चार मेगाबाइटवर विंडोज ९५ चालू होई खरे, पण चालू होणे निराळे आणि चालणे निराळे. व्हिस्टाच्या वेळी तर ‘व्हिस्टा चालेल’ अशी चिठ्ठी लावून विकलेल्या कित्येक यंत्रांवर तिची सर्वांत साधी आवृत्तीच नीट चालत असे, अशी तक्रार होऊन अमेरिकेत खटलाही झाला. स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच लिहून ठेवले होते, की यंत्रे जितक्या वेगाने जलद होत आहेत, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत आहे.

इतके सांगितल्यावर, साऱ्या मागण्या म्हणजे निव्वळ लूट, असा निष्कर्ष कोणी काढील. मराठी माणसाने तो घाईने काढू नये. आपल्या लिपीचा इतिहास थोडा वेगळी साक्ष देतो.

डॉसच्या काळात संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटवणे प्रणालीला ठाऊकच नव्हते. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की काम भागते. आपल्याकडे वेलांटी आधी लागते, रफार पुढल्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरात दोन अक्षरे एकमेकांत शिरतात. कानपूरच्या आयआयटीत यावर काम झाले आणि मोहन तांबे प्रभृती मंडळींनी ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे नेले. त्यातून जिस्ट कार्ड निघाले. हे एक निराळे पत्र्याएवढे कार्ड. यंत्र उघडून आतल्या खाचेत बसवावयाचे, म्हणजे डॉसवर भारतीय लिप्या दिसू लागत. याचा अर्थ असा, की इंग्रजीत काम करणाऱ्याला जे यंत्र पुरे, ते मराठीत काम करणाऱ्याला अपुरे. आपल्या भाषेचा भुर्दंड हार्डवेअरच्या रूपाने भरावा लागे.

विंडोज आल्यावर कार्ड मागे पडले व फाँट आले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी अनेक घराणी, प्रत्येकाची अक्षरे साठवण्याची रीत निराळी. एका कार्यालयाने टंकलेले पत्र दुसऱ्याकडे गेले, की तो फाँट नसल्यास पडद्यावर चिन्हांचा नुसता सडा पडे. ज्यांनी त्या काळात निमंत्रणपत्रिका छापून घेतल्या असतील त्यांना अधिक सांगणे नको.

ही अवस्था पालटली ती विंडोज २००० पासून. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ सालापासूनच स्थान होते. परंतु तो संकेत वाचून अक्षरे नीट जुळवणारी व्यवस्था प्रणालीच्या पोटात आता आली. तिच्याबरोबर मंगल हा फाँट आला. तो आपल्या र. कृ. जोशी यांच्या हातचा; मराठी सुलेखनाशी ज्यांचा थोडाही परिचय आहे त्यांना हे नाव नवे नाही. एक्सपीवर मराठी चालू करण्यासाठी मात्र सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी ऐन वेळी सापडत नसे, ही गोष्ट अलाहिदा! तरीही या प्रणालींनी मागितलेल्या ६४ मेगाबाइटचा मोबदला मराठीला मिळाला, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. ज्यांची यंत्रे विंडोज ९८ वर अडकली, ते या सोयीला मुकले.

२००९ साली आलेल्या विंडोज ७ ची मागणी एक गिगाबाइटची, आणि २०१५ च्या विंडोज १० चीही तेवढीच. ६४ बिटांच्या आवृत्तीला दोन. वाढ जणू थांबली. जुन्या यंत्रात रॅमची एक पट्टी घालावी, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, आणि आणखी चार-पाच वर्षे काढावीत, हा व्यवहार गावोगाव रूढ झाला. दुसऱ्या हाताची यंत्रे शहरातून खेड्यात येत राहिली, ती याच भरवशावर.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली आणि मागणीचे स्वरूपच बदलले. तिला टीपीएम २.० नावाची चिप लागते. किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी, असे तिचे वर्णन करता येईल. यंत्र सुरू होताना कोणी आत घुसले नाही ना याची तपासणी होणे आवश्यक, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. परिणाम असा, की २०१६ साली घेतलेले, आठ गिगाबाइट रॅमचे उत्तम चालणारे यंत्र नापास ठरते. रॅम दुप्पट असून उपयोग नाही. पूर्वी प्रश्न ‘किती’ असा होता. आता तो ‘आहे की नाही’ असा झाला.

या फरकाचे वजन सास्तूरच्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने या परिसरातील दगडमातीची जाड भिंतींची, माळवदाची घरे हजारो माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि दुसरीकडे लाखाहून अधिक घरे आहेत तेथेच दुरुस्त करून मजबूत केली गेली. कोणते गाव हलवावयाचे व कोणते दुरुस्त करावयाचे, याचा निर्णय हानी पाहून झाला. धोका खरा होता, म्हणून नव्या बांधकामाच्या अटी लोकांनी मानल्या. संगणकाच्या बाबतीतही धोका खोटा नाही. पासवर्ड चोरणारे आणि फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे प्रोग्रॅम खरोखरच आहेत, आणि दाखल्यांची कामे करणाऱ्या यंत्रात शेकडो गावकऱ्यांची कागदपत्रे असतात. आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणी आहे. येथे दुरुस्तीचा मार्गच ठेवलेला नाही. सरसकट स्थलांतर सांगितले आहे, आणि नव्या घराचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा आहे. मोठ्या कंपनीला शंभर यंत्रे बदलणे ही हिशेबातील एक ओळ असते. सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाला एक यंत्र बदलणे म्हणजे घरच्या सोयाबीनच्या पैशांत हात घालणे होय.

काही यंत्रांत ती चिप किंवा तिचे काम करणारी सोय असते, पण बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये जाऊन ती चालू केली की यंत्र पास होते. नवे यंत्र घेण्यापूर्वी जाणत्याकडून एवढे पाहून घ्यावे. जेथे तेही नसेल तेथे लिनक्सचा रस्ता आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला. सी-डॅकने त्याच्यावर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली काढली, आणि केरळने आपल्या शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर उभे करून दाखवले. अडचण आहे ती जोडलेल्या उपकरणांची. अंगठा घेणारे यंत्र, डिजिटल सहीची किल्ली, जुना स्कॅनर यांपैकी अनेकांचे सॉफ्टवेअर विंडोजपुरतेच लिहिलेले असते. त्यामुळे सेवा केंद्राला तो रस्ता अजून अवघड आहे. शाळेच्या खोलीत, जेथे मुलांना टंकलेखन, चित्रे आणि गणिताचे खेळ एवढेच करावयाचे आहे, तेथे ही अडचण येत नाही. दहा वर्षांचे यंत्र तेथे लिनक्सवर मराठी लिहिते, आणि त्यासाठी ना कार्ड लागते, ना हरवलेली सीडी.