कोळशी आणि तिचा वैरी : संत्राबागांच्या इतिहासातील एक प्रकरण

विदर्भातील संत्र्याच्या बागांत पानांवर व फळांवर काजळीसारखा जो काळा थर चढतो, त्यास तेथील बागाईतदार ‘कोळशी’ म्हणतात. हा थर बुरशीचा असला, तरी अनर्थाचे मूळ काळ्या माशीत आहे. ही सूक्ष्म माशी कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस चक्राकार अंडी घालते. तिची पिले पानांतील रस शोषून चिकट गोड द्रव टाकतात व त्यावर बुरशी पोसली जाते. पानांस प्रकाश मिळेनासा होतो, झाड क्षीण होते व फळाचे मोल घटते.

या माशीचे मूलस्थान आशियातील होय. 1913 मध्ये ती जमैकात, 1916 मध्ये क्यूबात आणि 1935 मध्ये मेक्सिकोत आढळली. परमुलखात तिला वैरी नव्हता. 1930 मध्ये क्लॉसेन यांनी मलायातून ‘एरेट्मोसेरस सेरिअस’ ही परोपजीवी माशी क्यूबात नेली व तेथे तिला उत्तम यश लाभले. मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशांत मात्र तीच माशी निष्प्रभ ठरली. तेव्हा हर्बर्ट स्मिथ यांनी 1949-50 च्या सुमारास भारत व पाकिस्तान येथे शोध करून ‘अमायटस हेस्परिडम’ व ‘एन्कार्सिया’ वंशाच्या काही जाती मेक्सिकोस पाठविल्या. अमायटस दाट प्रादुर्भावात झपाट्याने वाढते, तर एन्कार्सिया यजमान विरळ झाल्यावरही त्यास हुडकून काढते. या परस्परपूरक गुणांमुळे मेक्सिकोतील बागा सावरल्या. 1976 मध्ये फ्लोरिडात हाच उपाय योजण्यात आला व तोही सफल झाला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. ज्या उपखंडाने परदेशास औषध पुरविले, त्याच उपखंडातील संत्राबागांत कोळशीचा उपद्रव का टिकून राहिला? परदेशी पाठविताना परोपजीवींची निवड होऊन त्यांचे स्वतःचे शत्रू वगळले जातात. मायदेशात ते शत्रू त्यांच्यासमवेत असतातच. शिवाय आंबिया, मृग व हस्त या बहारांच्या वेळी येणारी कोवळी पालवी माशीस पुनःपुन्हा अन्न पुरविते. या दोन कारणांवर मनुष्याचा फारसा इलाज नाही. तिसरे कारण मात्र मनुष्यकृत आहे. सरसकट मारक कीटकनाशकांची फवारणी शत्रू व मित्र यांत भेद करीत नाही. काळ्या माशीची पिले पानास घट्ट चिकटलेली असतात. मुक्तपणे संचार करणारा परोपजीवी मात्र आधी बळी पडतो, आणि उरलेल्या किडीस वैरी राहत नाही.

1957 मध्ये बंगलोर येथे राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र स्थापन झाले व 1985 मध्ये नागपूर येथे लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. परदेशांतील बागांचा इतिहास परोपजीवींच्या आगमनाचा आहे. विदर्भातील बागांचा प्रश्न त्यांच्या संरक्षणाचा आहे. हे दोन प्रश्न भिन्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यास जसेच्या तसे लावता येत नाही, हाच या प्रकरणाचा बोध होय.