जीआरई आणि जीमॅट : दोन प्रवेशपरीक्षांच्या विभाजनाचा इतिहास

यवतमाळसारख्या जिल्ह्यातही पदवीच्या अंतिम वर्षाचा एखादा विद्यार्थी आता प्राध्यापकांना विचारतो : परदेशी शिक्षणासाठी जीआरई द्यावी की जीमॅट? व्यवस्थापनासाठी जीमॅट आणि अन्य विषयांसाठी जीआरई, हे आपले ठरलेले उत्तर. ते आज अपुरे का ठरते, हे प्रस्तुत लेखात ऐतिहासिक अंगाने पाहावयाचे आहे.

१९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा या दोन्ही परीक्षा अस्तित्वात नव्हत्या. पुढे १९३० च्या दशकात कार्नेगी प्रतिष्ठानच्या साहाय्याने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया यांनी जीआरईचा प्रयोग केला. १९४७ मध्ये ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था स्थापन झाली आणि जीआरई तिच्याकडे आली. १९५३ मध्ये नऊ व्यवसाय-विद्यालयांनी याच संस्थेकडे स्वतंत्र परीक्षेची मागणी केली. १९५४ मध्ये ती प्रथम घेतली गेली आणि कालांतराने जीमॅट म्हणून ओळखली जाऊ लागली. या नऊ विद्यालयांतही कोलंबिया होतेच. एकाच विद्यापीठाच्या दोन दारांना अशा रीतीने दोन कुलपे लागली.

सुमारे अर्धशतक दोन्ही परीक्षा एकाच संस्थेच्या हाती असल्याने त्यांच्यात स्पर्धा नव्हती. २००६ मध्ये जीमॅटचे संचालन दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि चित्र पालटले. जुन्या संस्थेने जीआरईसाठी व्यवसाय-विद्यालयांचे दार ठोठावले. आज बहुसंख्य नामांकित विद्यालये दोन्ही गुण स्वीकारतात. म्हणजे ही भिंत पडली ती शैक्षणिक विचारापेक्षा व्यापारी चढाओढीमुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०२३ मध्ये दोन्ही परीक्षा आटोपशीर झाल्या. जीमॅटमधून निबंध, वाक्यशुद्धी व भूमिती वगळण्यात आली. जीआरईत एक निबंध, भूमिती आणि कठीण इंग्रजी शब्दसंग्रह टिकून आहे. मराठी माध्यमातून आलेल्या, पण आकडेमोडीत व तर्कात पक्क्या विद्यार्थ्याला हा फरक फार महत्त्वाचा आहे. मात्र अर्थशास्त्रात एम. ए. करावे की एम. बी. ए., हेच ज्याचे ठरलेले नाही, त्याला जीआरई दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाला दोन परीक्षांचे शुल्क भरणे सोपे नसते. आणि ज्याला देशातच व्यवस्थापन शिकावयाचे आहे, त्याने आधी कॅट व राज्याची एमबीए सीईटी यांचाच विचार करावा.