वळणावरची तीन चाके

* मालाच्या तीनचाकीची चाके एकसारखी फिरत नाहीत, हे लेखकाचे निरीक्षण बरोबर आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरून निघालेली गाडी काटकोनात वळली, की मागचे बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त धावते, दोहोंत १.२ मीटर अंतर धरले, तर सुमारे १.९ मीटर जास्त. दोन्ही एकाच अखंड दांड्यावर जखडली असती, तर एखादे घासत गेले असते (टायरचा खर्च मालकाला विचारावा!). म्हणून इंजिनाचा जोर डिफरन्शियलमधून, म्हणजे दोहोंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी जोडणीतून, वाटला जातो. फ्रान्समध्ये पेकर नावाच्या संशोधकाने १८२८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढचे चाक मोकळेच असते; वळण फार आवळले, की तिन्हींत सर्वांत वेगाने तेच फिरते. — संपादक