बॉयरटाउनची तळघरं

पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतलं बॉयरटाउन हे गाव पूर्वी एका आगीमुळे लोकांच्या लक्षात होतं. १३ जानेवारी १९०८ च्या रात्री तिथल्या ऱ्होड्स ऑपेरा हाउसमध्ये चर्चच्या मंडळींचं नाटक चालू होतं. रंगमंचावरचे रॉकेलचे दिवे कलंडले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या सभागृहात, दाराशी उसळलेल्या गर्दीत, सुमारे १७० माणसं गेली. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला: नाट्यगृहांची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या पाहिजेत.

त्याच गावाच्या शिवेला लागून असलेल्या कोलब्रुकडेल टाउनशिपमध्ये १९८४ च्या डिसेंबरात जे सापडलं त्याला धूर नव्हता, वास नव्हता. तो होता रेडॉन, जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू. मी याच भागातल्या घरांत तो मोजायचं काम करते. राज्याचं प्रमाणपत्र गळ्यात, हातात रेडॉन टिपणाऱ्या कोळशाच्या डब्या, आणि लोकांची बेसमेंटं. पहिल्यापासून मला एक गोष्ट खुपत आली आहे: आगीनंतर राज्य पुढच्याच वर्षी हललं, मग या वायूच्या बाबतीत घरमालकाला त्याच्या तळघरात एकटं का सोडलं?

कोलब्रुकडेलला राहणारे स्टॅनली वॉट्रस हे लिमरिकच्या अणुवीज केंद्रात अभियंता होते. केंद्रातून वीजनिर्मिती अजून सुरू व्हायची होती. कामगारांच्या अंगावर किरणोत्सारी धूळ चिकटली आहे का हे पाहायला दाराशी नवी यंत्रं बसवली होती, आणि वॉट्रस बाहेर पडायला निघाले की ती वाजायची. रोज वाजायची. कपडे तपासले, अंग तपासलं, काम करतात ती जागा तपासली, तिथे काहीच मिळेना. मग एका सकाळी त्यांनी उलटं केलं. कामावर आल्या आल्या, आत कुठेही न जाता, थेट यंत्रासमोर उभे राहिले. यंत्र वाजलं. म्हणजे ते केंद्रातून काही घरी नेत नव्हते, घरातून केंद्रात आणत होते. मला ही सकाळ फार मोलाची वाटते. एवढा मोठा शोध लागला तो आपल्यावरच्या संशयाची स्वतः नीट परीक्षा घेणाऱ्या माणसामुळे.

घर मोजलं तेव्हा आकडा आला लिटरभर हवेत सुमारे २,७०० पिकोक्युरी (हे किरणोत्साराचं माप). अमेरिकेची पर्यावरण संस्था ज्या आकड्याला उपाय करा म्हणते तो आहे ४. बायको आणि लहान मुलांसह वॉट्रस यांनी जानेवारी १९८५ मध्ये घर सोडलं. वीज कंपनीने ते घर दुरुस्तीचा प्रयोग म्हणून हाती घेतलं आणि जुलैमध्ये कुटुंब परत राहायला आलं. शेजारच्या घराची मोजणी झाली तर तिथे काळजी करण्यासारखं काही निघालं नाही. आजही मला दर आठवड्याला कुणीतरी सांगतं, "शेजाऱ्यांनी तपासलं, त्यांच्याकडे कमी आहे, मग आमच्याकडे कशाला?" त्यांना मी कोलब्रुकडेलची ही दोन घरं सांगते.

याचं मूळ जमिनीत आहे. रीडिंगजवळ सुरू होऊन न्यू जर्सी, न्यू यॉर्क ओलांडत कनेटिकटपर्यंत जाणारा प्राचीन खडकांचा एक पट्टा आहे, त्याला रीडिंग प्राँग म्हणतात. त्यातल्या नाइस आणि ग्रॅनाइटमध्ये ठिकठिकाणी युरेनियम आहे. युरेनियमपासून रेडियम होतं, रेडियमपासून रेडॉन. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. खडकाच्या भेगांतून वर यायला आणि पायाच्या फटीतून घरात शिरायला तेवढा वेळ पुरतो. फुप्फुसाला इजा होते ती मुख्यतः त्याच्यापासून तयार होणाऱ्या पोलोनियममुळे: ते धुळीला चिकटतं, श्वासातून आत जातं आणि तिथेच अल्फा कण सोडतं. हिवाळ्यात घर तापलं की गरम हवा माळ्याकडून बाहेर जाते आणि तिची जागा भरायला बेसमेंट जमिनीतली हवा ओढून घेतं. थंडीत सगळं घट्ट बंद केलेलं असतं तेव्हाच हे ओढणं सर्वात जोरात असतं.

यातलं माणसाला आधी कळलं ते खाणीत. जर्मनीतल्या श्नेबर्गचे आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोवचे चांदीचे खाणकामगार शतकानुशतकं छातीच्या रोगाने मरत होते. याखिमोवला वैद्यकी केलेल्या अग्रिकोलाने १५५६ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आपल्या खाणग्रंथात, कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींजवळच्या बायकांबद्दल लिहिलं आहे, की त्यांच्यापैकी काहींनी सात-सात नवरे केले, इतके ते लवकर जात. मला त्या सातही लग्नांचं राहून राहून मनात येतं. प्रत्येक वेळी नवा नवरा त्याच खाणीत उतरत होता आणि ती ते थांबवू शकत नव्हती. १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी दाखवलं की श्नेबर्गचा रोग हा फुप्फुसाचा कर्करोग आहे. रेडॉन असा काही वायू असतो हे कळायला त्यानंतर अजून वीसेक वर्षं होती. याखिमोवच्याच खनिजातून क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं आणि १९०० मध्ये डॉर्न या शास्त्रज्ञाने त्यातून निघणारा वायू, म्हणजेच रेडॉन, टिपला.

घरातल्या रेडॉनचा धोका आज जो सांगितला जातो, त्यातला बराचसा हिशेब अशाच खाणकामगारांच्या मरणांवरून बांधलेला आहे. घरांतल्या मोजण्यांवरून झालेले अभ्यास नंतरचे. अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात असा पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. त्या रोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर दुसरा क्रमांक याचा, आणि एकाच घरात सिगारेट आणि रेडॉन दोन्ही असतील तर धोका कितीतरी पटीने चढतो.

वॉट्रस यांच्या घरानंतर बॉयरटाउनच्या आसपास हजारो घरं मोजली गेली. १९८६ मध्ये न्यू जर्सीतल्या क्लिंटन गावी एका टेकडीवरच्या वसाहतीतली घरामागून घरांचा आकडा वर निघाला. १९८८ मध्ये काँग्रेसने घरांतल्या रेडॉनबद्दल कायदा केला आणि त्याच वर्षी सरकारने प्रत्येक घर मोजून घ्यावं असा सल्ला जाहीर केला. सल्ला. पेनसिल्व्हेनियाने १९८७ मध्ये मोजणाऱ्यांना आणि दुरुस्ती करणाऱ्यांना प्रमाणपत्र सक्तीचं केलं, ते चांगलंच झालं, नाहीतर भोंदूंचं फावलं असतं. पण मोजणी मात्र घरमालकाच्या मर्जीवर राहिली. घर विकताना माहीत असलेला आकडा लपवता येत नाही. जो कधी मोजलाच नाही तो सांगायचा प्रश्नच येत नाही.

असं का झालं याचं माझं उत्तर असं: इथे गुन्हेगार नव्हता. ऑपेरा हाउसला मालक होता, दार होतं, दिवे होते. कारखान्याने विष सोडलं असतं तर लोक रस्त्यावर आले असते, खटले झाले असते. हा वायू खडकातून येतो आणि खडकाला नोटीस बजावता येत नाही. त्यात घराची किंमत पडेल ही भीती. शेजारी शेजाऱ्याला आपला आकडा सांगत नाही, मी हे रोज पाहते.

राज्याचं पर्यावरण खातं आज सांगतं की पेनसिल्व्हेनियातल्या सुमारे ४० टक्के घरांत रेडॉन ४ च्या वर आहे. आणि ४ म्हणजे सुरक्षित असंही कुणी म्हटलेलं नाही. बहुतेक घरं उपलब्ध तंत्राने जिथवर खाली आणता येतात, तो हा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी त्याहून कमी आहे, आपल्या मापात साधारण २.७. २०१४ मध्ये शेजारच्या लीहाय काउंटीत, सेंटर व्हॅलीला, एका घरात ३,७१५ पिकोक्युरी सापडले. वॉट्रस यांच्या घरापेक्षाही जास्त, आणि तेही तीस वर्षांनंतर. इतकी वर्षं त्या मातीवर लोक घरं बांधत, विकत, घेत होते.

इकडे घर घेणाऱ्या मराठी मुलांना हे सगळं पटवायला मला वेळ लागतो. "मावशी, आमच्या साताऱ्याच्या घरात असलं काही ऐकलं नाही," एक मुलगी म्हणाली. ऐकलं नसणारच. दख्खनचा काळा बसाल्ट ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियमला गरीब आहे, तिकडच्या घरांना सहसा बेसमेंट नाही आणि खिडक्या बाराही महिने उघड्या. आपल्याला या धोक्याची पिढीजात आठवणच नाही. त्यामुळे इथे आल्यावर आपण बेसमेंट सर्वात आधी सजवतो: गालिचा, सोफा, देवघर, आणि भारतातून येणाऱ्या आईवडिलांची खोली, कारण जिन्यांची चढउतर नको. सहा महिने ते तिथे झोपतात, तेही बहुतेक हिवाळ्याच्या अलीकडे-पलीकडे. त्या मुलीच्या घरात आकडा वर आला तेव्हा ती रडायलाच लागली. मी तिला म्हटलं, "अगं, यासारखा सोपा आजार घराला दुसरा नाही."

आणि ते खरं आहे. स्लॅबला भोक पाडून खालच्या खडीपर्यंत पीव्हीसीचा पाइप उतरवायचा, तो घराच्या कडेने छपराच्या वर न्यायचा, मध्ये चोवीस तास चालणारा पंखा. जमिनीतली हवा बेसमेंटमध्ये यायच्या आधीच पाइपमधून बाहेर जाते. पाणी उपसायच्या सम्पच्या खड्ड्यावर हवाबंद झाकण, फटींना सीलंट. पाइपवर एक वाकडी पारदर्शक नळी असते, तिच्यातलं रंगीत द्रव दोन बाजूंना खालीवर दिसलं की पंखा ओढतोय. दोघं कामगार एका दिवसात एवढं करून जातात. त्या घराची फेरमोजणी चारच्या बरीच खाली आली.

मला काळजी आहे ती भाड्याने राहणाऱ्यांची. मोजणी बहुतेक घर विकताना होते, आणि भाड्याचं घर वीस-वीस वर्षं विकलं जात नाही. विद्यापीठांच्या गावांत आपली मुलं बेसमेंटच्या खोल्या घेतात, कारण त्या स्वस्त. मालकाला विचारायचं त्यांना सुचत नाही, सुचलं तर धीर होत नाही. कोळशाची डबी बाजारात फार महाग मिळत नाही. दारं-खिडक्या बंद ठेवून ती दोन ते चार दिवस खोलीत ठेवायची आणि लगेच प्रयोगशाळेला पाठवायची. ओळखीच्या विद्यार्थ्यांना मी ती माझ्याकडची देते. आकडा हातात आला की मालकाला काय लिहायचं तेही त्यांच्याजवळ बसून लिहून देते.