गिबसन की गिवसन? माळ्यावरच्या गिटारची किंमत कशी काढायची

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना निसटलेली नावं आणि सालं इथे नीट सापडतील. बोलण्यातली बडबड थोडी कापली आहे, सगळी नाही.

आजचा विषय आमच्या महालातूनच आलाय. गांधी गेटच्या आत, बडकस चौकाच्या आजूबाजूला जुने वाडे पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहतायत, हे नागपूरकरांना सांगायला नको. वाडा रिकामा करताना माळ्यावरून बंब निघतो, समया निघतात, ट्रंका निघतात. आणि हल्ली अधूनमधून गिटार निघते. मग घरातला कुणीतरी फोनवर शोधतो आणि जाहीर करतो, की ही तर लाखांची आहे. दारात उभा असलेला कबाडी म्हणतो, पाचशे देतो. खरं काय? आज तेच पाहू. खास करून अशा गिटारीबद्दल, जिचं पोट पोकळ आहे, जी विजेशिवाय वाजते, पण जिला पिकअप आणि व्हॉल्यूमचं बटणही आहे. ॲकॉस्टिक-इलेक्ट्रिक. आपल्याकडच्या दुकानात तिला सरसकट 'सेमी' म्हणतात.

आधी ही जात जन्मली कशी ते बघू. १९२०-३० च्या दशकात अमेरिकेत बँड मोठे होत गेले. ट्रम्पेट आणि ड्रमपुढे बिचाऱ्या गिटारचा आवाज कुणाला ऐकू येईना. पहिला उपाय गंमतशीर ठिकाणाहून आला, तो म्हणजे हवाई बेटांच्या संगीतातून. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी दांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार तेव्हा जोरात होती. बाजारात यश मिळवणारी पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच, १९३२ ची रिकनबॅकर. आकारामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. १९३६ मध्ये गिबसन कंपनीने ईएस-१५० आणली. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश, आणि १५० हा तिचा डॉलरमधला भाव, ॲम्प्लिफायर धरून. पोकळ पोट, वर एफ आकाराची दोन भोकं, तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार लोखंडी, ती चुंबकावर थरथरली की वेटोळ्यात बारीक वीज तयार होते. बस, पिकअप म्हणजे एवढंच. १९५४ मध्ये गिबसनने जे-१६०ई काढली. दिसायला साधी गोल भोकाची गिटार, पण पट्टीच्या टोकाला पिकअप बसवलेलं.

आता ही आपल्याकडे कशी आली? इथेही वाट हवाईचीच. अर्नेस्ट काआई या हवाईयन वादकाचा ताफा १९१९ च्या सुमारास भारतात येऊन गेला. पुढे १९४० च्या दशकात टाऊ मो आणि त्याचं कुटुंब कोलकात्यात राहिलं, शिकवलं, वाजवलं. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाच्या धुना वाजवून तबकड्या काढल्या. म्हणजे तुमच्या आजोबांनी रेडिओवर पहिली इलेक्ट्रिक गिटार ऐकली असेल, तर ती बहुतेक आडवी ठेवून वाजवलेली असणार. उभी, म्हणजे स्पॅनिश गिटार, सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांबरोबर रुळली.

पण वाद्यं मिळायची कुठे? मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजचं दुकान, ज्याचा इतिहास १८६५ पर्यंत मागे जातो. परदेशी माल मात्र १९९१ च्या आधी म्हणजे परवाना, जकात आणि प्रतीक्षा. त्यामुळे खरी अमेरिकन गिटार आली तर ती बोटीवरच्या नोकरदाराच्या सामानातून, नाहीतर गोव्यात पैसे संपलेल्या हिप्पीकडून. हणजुण्याचा बुधवारचा बाजार सुरू झाला तोच मुळी हिप्पी लोकांनी आपल्या वस्तू विकायला बसण्यातून.

उरलेल्या देशाची भूक भागवली कोलकात्याने. तिथल्या कारखान्यांनी स्वस्त गिटारी बनवल्या आणि नावंही अशी ठेवली, की लांबून वाचताना फसावं. त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव गिवसन. इंग्रजीत 'बी'च्या जागी 'व्ही'. आपल्या लिपीत तर फरक अजून बारीक: 'व'च्या पोटात एक रेघ मारली की 'ब' होतो! भारतात कॉलेजच्या पोरांच्या कित्येक पिढ्या या 'व'वरच शिकल्या.

म्हणून ओळखीची पहिली पायरी: डोक्यावरचं नाव वाचा, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नाव चिकटवता येतं, खरवडता येतं. दुसरी पायरी नंबरची, आणि इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला कपाळाला हात लावतो. आमच्या धंद्यात युनिक आयडी म्हणजे युनिक. गिबसनने १९६० च्या दशकात तेच सिरियल नंबर एकाहून जास्त वाद्यांवर ठोकलेत. नुसता नंबर टाकून नेटवर मिळालेलं साल म्हणजे पुरावा नव्हे. मग इतर खुणा घ्यायच्या. डोक्याच्या मागे 'मेड इन यू.एस.ए.' असा ठसा असेल, तर ती गिबसन साधारण १९७० किंवा त्यानंतरची.

सगळ्यात भरवशाचा साक्षीदार पोटात असतो. व्हॉल्यूमच्या बटणाखालचा जो पोटेन्शिओमीटर, त्याच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. अमेरिकन सुट्या भागांवर पहिले तीन आकडे कारखान्याचे, मग साल, मग आठवडा. १३७ ६६ २३ असं दिसलं तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६६ सालचा २३ वा आठवडा. यावरून गिटार कधीची हे कळत नाही, पण कधीच्या आधीची नाही, हे कळतं. तेही जोडणीचं डाख जुनं, न छेडलेलं असेल तरच. डाख नवा चकाकत असेल तर तो भाग मागून बदललाय. कमिट लॉगसारखंच आहे हे: कुणी कधी हात घातला, ते बघायचं.

लाकूडही बोलतं. अमेरिकेतली मार्टिन कंपनी १९६९ च्या सुमारास ब्राझिलच्या शिसवाकडून भारतीय शिसवाकडे वळली. म्हणजे जुनी 'फॉरेन' गिटार म्हणून जी मिरवते, तिची पाठ आपल्याच जंगलातली असू शकते. रंगाचंही तसंच. जुन्या गिबसनवर नायट्रोसेल्युलोजचा लॅकर असे. त्याला वर्षानुवर्षं थंडी-उन्हाने केसासारखे बारीक तडे जातात. जाड, काचेसारखा, एकही तडा नसलेला थर दिसला तर शंका घ्या. आणि आपल्याकडे उन्हाचं काय सांगावं! मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उष्णतेने सैल पडतो, सांधे उकलतात, मान पुढे झुकते. माळा ही वाद्य ठेवायची जागा नाही, पण आपण तिथेच ठेवतो.

एक भ्रम इथेच काढून टाकू. "वरचा तक्ता प्लायवुडचा आहे, म्हणजे भंगार." असं नाही. जे-१६०ईचा तक्ता मुद्दाम प्लायचा केला होता. अस्सल एकसंध तक्ता स्पीकरच्या आवाजाने स्वतःच थरथरतो आणि शिट्टी मारायला लागतो. गणपतीच्या मांडवात तुम्ही ती शिट्टी ऐकली असेलच. प्लाय थोडा मुका असतो, म्हणून तिथे कामाचा.

याच मॉडेलची गोष्ट ओळखीच्या शास्त्रात सगळ्यात गाजलेली. बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन या दोघांनी १९६२ मध्ये एकसारख्या जे-१६०ई घेतल्या. लेननची गिटार डिसेंबर १९६३ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या कार्यक्रमाच्या दिवसांत गायब झाली. काही वर्षांनी कॅलिफोर्नियात एका हौशी वादकाने एक जुनी गिटार १७५ डॉलरला विकत घेतली आणि ती आपली वाजवत राहिला. जवळपास ४५ वर्षांनी एका मासिकात हॅरिसनच्या गिटारबद्दल वाचताना त्याला आपल्या गिटारचा नंबर आठवला. पण नुसत्या नंबरवर तज्ज्ञांनी मान्य केलं नाही. लेननच्या जुन्या फोटोंमधल्या लाकडाच्या रेषा आणि ओरखडे जुळवून पाहिले. लाकडाचा पोत म्हणजे बोटांचे ठसेच, दोन तक्त्यांचा सारखा नसतो. २०१५ मध्ये ती लिलावात २४ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. प्लायची गिटार! लाकूड तेच, तारा त्याच. वाढली ती सिद्ध झालेली गोष्ट.

आता महालातली गिटार. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला वर बोलावलं, "तू इंजिनीअर आहेस नं बाप्पा, पाहून सांग एकदा." गिटार त्यांच्या यजमानांची. ते आता नाहीत. नाव अर्धं खरवडलेलं, नेमकं मधलंच अक्षर गेलेलं. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत पाहिलं. अमेरिकन आकडे कुठेच नाहीत, स्क्रू आणि सांधणी इथल्या कारखान्याची. म्हणजे 'व'. पण आत पिकअप म्हणून टेलिफोनच्या रिसीव्हरमधली चकती सरसाने चिकटवलेली होती, तिची वायर रेडिओच्या सॉकेटला डाखलेली, आणि लाकडावर पेन्सिलने लिहिलेलं: 'गणपती ७८'. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "हो, तेव्हा ऑर्केस्ट्रात वाजवायचे ते. माइक एकच असायचा, तो गाणाऱ्याला लागे."

मंडळी, बाजाराच्या हिशेबात या गिटारची किंमत जवळपास शून्य. संग्राहकांचा नियम कडक आहे: सगळं मूळचं हवं. नुसता रंग पुन्हा मारला तरी किंमत साधारण निम्मी होते असं धरतात. भोक पाडलं, भाग बदलला, की घसरण सुरू. नियम त्यांच्या जागी बरोबरही आहे, कारण मूळ तुकडे कमी होत जातात.

पण हा नियम आपल्या वाद्यांना लावून बघा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेच्या कारागिराकडे जुना तंबोरा न्या. तो भोपळा ठोकून बघेल, दांडी बघेल, आणि मग जवारी काढायला घेईल. म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार पुन्हा जागा करेल. जवारी तर पुन्हा पुन्हा काढावीच लागते. दुरुस्ती झाली म्हणून तंबोरा बाद होत नाही, दुरुस्ती होत राहिली म्हणून तो जिवंत असतो.

आणि आता दोन्ही मोजपट्ट्या एकाच वाद्यावर ठेवू. गिबसन सुपर ४००. १९३४ ची जात, १८ इंच रुंद पोट, भाव ४०० डॉलर, नावच भावावरून. संग्राहकांच्या स्वप्नातली गिटार. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काबरा, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, हीच गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवत. त्यासाठी तिच्या तारा उंच उचलल्या, सूर धरून ठेवायला जादा तार बसवली. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने हात कपाळाला लावला असता. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर, माणिकराव पोपटकरांच्या तबल्यावर काबरांची गिटार ऐका. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफा चढवून मोहनवीणा केली आणि 'अ मीटिंग बाय द रिव्हर'साठी १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं. 'बिघडवलेल्या' गिटारींमधूनच हे सगळं झालं.

म्हणून माझं म्हणणं असं, की किंमत काढताना प्रश्न दोन विचारा. ही कोणती आहे? आणि हिच्यावर कुणी, का, काय केलं? पहिल्याचं उत्तर नंबर आणि आकडे देतात, ते दहा वर्षांनीही सापडेल. दुसऱ्याचं उत्तर माणसांकडे असतं, आणि ती माणसं आत्ता सत्तरी-ऐंशीत आहेत. नागपूरच्या ऑर्केस्ट्रांचा, मांडवांमधल्या वादकांचा इतिहास कुठल्या ग्रंथालयात एका जागी ठेवलेला नाही. तो माळ्यांवर आहे, आणि माळे रिकामे होतायत.

तर वाडा रिकामा करताना एवढं करा. गिटार पुसूपासू नका, पॉलिश तर मुळीच नको. मान झुकली असेल तर तारा सैल करा, पण काढून फेकू नका. समोरून, मागून, डोक्याचे, भोकातून आतले असे फोटो घ्या. जुन्या अल्बममध्ये ती हातात धरलेला कुणाचा फोटो असेल तर तो वेगळा काढा. आणि घरातल्या मोठ्यांना फोन रेकॉर्डिंगवर ठेवून विचारा: कुठून आणली, कितीला, कुठे वाजवली, कुणी दुरुस्त केली. मग विकायची तर खुशाल विका, कबाडीला द्यायची तर द्या. रेकॉर्डिंग मात्र ठेवा. आणि त्यात ऑर्केस्ट्राचं काही निघालं, तर आम्हाला पाठवा. पुढचा भाग त्यावरच करू.