शाळेच्या दारांतील आईबाप

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांनीं उभारलेल्या ख्रिस्तमंदिराचें आपण कौतुक करतों, तें योग्यच आहे. परंतु जेथें मंदिराच्या सावलींत शाळा वाढली, तेथें शाळेची आठवण केल्यावांचून महोत्सव पुरा झाला असें म्हणवत नाहीं. शाळेच्या इतिहासांत धर्मगुरूंचीं व मास्तरांचीं नांवें येतात, इमारतीचा खर्च येतो. पण ज्यांनीं आपलें मूल विश्वासानें तिच्या हवालीं केलें, त्या आईबापांची हकीकत सहसा कोणी लिहीत नाहीं. ती थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

ता. १९ जुलै १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. त्यास अटी होत्या : शाळेस जबाबदार स्थानिक चालक असावे, सरकारी तपासणी मान्य व्हावी, व मुलांकडून थोडी तरी फी घेतली जावी. म्हणजे बापाचें शाळेशीं पहिलें नातें पैशाचें ठरलें. पुढें मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला व त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊं लागला. शेतकरी आणे भरी. त्याचें मूल मात्र बहुधा गुरांमागेंच असे. हा अन्याय जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडला, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली.

सक्ती आली, पण ती बापावर आली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत तिचा प्रयोग केला व १९०६ सालीं ती संस्थानभर लागू केली. मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत आणलेलें बिल पुढल्या वर्षीं नामंजूर झालें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. तेथेंहि हयगय करणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. १९१८ सालीं मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस सक्तीचा अधिकार मिळाला. या थोर पुरुषांच्या हेतूस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्यांच्यामुळेंच हजारों मुलांच्या हातीं पाटी आली. परंतु ज्या घरीं मुलाची मजुरी चुलीस लागे, तेथें दंड हें दुहेरी नुकसान होतें. कायद्याच्या नजरेंत आईबाप हे शाळेचे सोबती नव्हते. ते कसूरदार होते.

ही नजर बदलावयास जवळजवळ शतक लागलें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाची संधि देणें हें पालकाचें कर्तव्य म्हणून २००२ सालीं राज्यघटनेंत लिहिलें गेलें. त्यानंतरच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत पालकास दंड नाहीं. उलट, सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत निदान तीन चतुर्थांश जागा पालकांस, व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रियांस दिल्या. शाळेवर देखरेख ठेवावी, तिच्या विकासाचा आराखडा करावा, अनुदानाचा विनियोग पाहावा, हें त्या समितीचें काम. काल जो दारीं दंड भरीत होता, त्यास आज आंत आसन मिळालें.

अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविल्या. मग धर्मग्रामाच्या शाळेंत आईबापांचें स्थान कोणतें? त्याचें उत्तर ख्रिस्तसभेनें आधींच दिलें आहे. अकरावे पायस पोप यांनीं १९२९ च्या परिपत्रकांत मुलाच्या शिक्षणावरील कुटुंबाचा हक्क राज्याच्या हक्काहून आधींचा म्हणून सांगितला. व्हॅटिकन विश्वपरिषदेनें १९६५ सालीं आईबापांस मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक म्हटलें. आणि १९८३ च्या धर्मसंहितेचें ७९६ वें कलम सांगतें कीं, पालकांनीं शिक्षकांशीं निकट सहकार्य करावें, शिक्षकांनीं त्यांचें आनंदानें ऐकावें, व पालकांचीं मंडळें किंवा सभा भरवून त्यांस मान द्यावा. सरकारची सक्ती नसली, तरी हें आपल्याच घरचें वचन आहे.

आतां स्वतःस विचारूं या : आपण तें आसन घेतलें काय? निकालाच्या दिवशीं व फीच्या तक्रारीपुरतेच आम्हीहि शाळेची पायरी चढलों आहों, हें कबूल केलें पाहिजे. कित्येक माउल्या "मला काय कळतें?" म्हणून फाटकाबाहेरच थांबतात. त्यांस आमची विनंती कीं, वाचतां न येणाऱ्या आईसहि "आज काय शिकलास?" एवढें रोज विचारतां येतें, आणि मूल घरीं कसें वागतें हें मास्तरांस तिच्यावांचून कोण सांगणार? ज्याच्या हातीं रंधा आहे, त्यानें मोडकीं बांकें नीट करावीं. ज्याची वाडी आहे, त्यानें मुलांस रोप लावून दाखवावें. सभेचें बोलावणें आल्यास कामाची एक घटका बाजूस ठेवून जावें. मास्तरांचें चुकलें तर मुलादेखत नव्हे, मास्तरांपाशीं बोलावें. शिक्षकांनींहि फाटक्या वहाणेच्या बापास बसावयास खुर्ची द्यावी.

पूर्वजांनीं भिंती उभारल्या. त्यांच्या आंत मिळालेलें आसन रिकामें राहूं न देणें हें आपल्या पिढीचें काम आहे. पुढील ज्युबिलीचा अंक लिहिणारास आईबापांची हकीकत शोधावी लागूं नये, इतकीच आमची परमेश्वरचरणीं प्रार्थना.