पाटी लावण्यापूर्वी

इंग्लंडमध्ये स्वतःचा फिजिओथेरपीचा दवाखाना काढणाऱ्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, "वेबसाइटचं नाव आडनावावरून ठेवू की कामावरून? आणि शेवटी डॉट कॉम घेऊ की आणखी काही?" प्रश्न पाच मिनिटांचा वाटला. पण डोमेन नावांचे जे नियम आपण गृहीत धरतो, त्यांतले बरेचसे कुणाच्या तरी जुन्या सोयीतून आलेले आहेत. ती सोय कुणाची होती हे कळलं, की नाव निवडणं सोपं जातं.

सुरुवातीला अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि बाकीचे तिथून तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी वाटून देणारी, आजही चालू असलेली व्यवस्था मांडली. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांच्या टिपणात कॉम, एज्यू, गव्ह, मिल, ऑर्ग हे विभाग आणि देशांसाठी दोन अक्षरी संकेत ठरले. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीनं पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं. ही नावं यंत्रांसाठी होती. पुढे कुणी डॉक्टर त्यांतून आपल्या दवाखान्याची पाटी करेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

यंत्रांच्या सोयीसाठी नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ चालत असे. मराठी आडनावाची अडचण इथेच सुरू होते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झालेल्या आनंदीबाईंच्या पोकीप्सी इथल्या स्मृतिशिळेवर 'जोशी'च्या शेवटी दोन 'ई' आहेत. आज बहुतेक जोशी तिथे एक 'आय' लिहितात. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले परांजपे आडनावाच्या शेवटी 'पी-वाय-ई' लिहीत; इतर अनेक परांजपे 'वाय' घालत नाहीत. कागदाच्या काळात यानं बिघडत नसे, पोस्टमन समजून घेई. संगणक समजून घेत नाही. एक अक्षर चुकलं की माणूस दुसऱ्याच दारात जातो. म्हणून पहिली कसोटी कानाची: नाव फोनवर एकदाच सांगावं आणि ऐकणाऱ्याला लिहायला लावावं. स्पेलिंग सांगावं लागलं, तर नाव बदलावं किंवा दोन्ही स्पेलिंगं घेऊन एकाच वेबसाइटकडे वळवावीत. शब्द जोडून लिहिल्यावर भलतंच काही वाचलं जात नाही ना, हेही पाहावं.

मग कामावरून नाव? यलो पेजेसच्या काळात यादीत वर येण्यासाठी धंद्यांच्या नावाआधी दोन-तीन 'ए' लावले जात. यलो पेजेस मागे पडली आणि ते 'ए' निरर्थक झाले. पुढे शोधात वर येण्यासाठी गावाचं नाव आणि कामाचं नाव जोडून डोमेन घेण्याची लाट आली. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलनं, मजकूर सुमार असूनही केवळ नावाच्या जोरावर वर येणाऱ्या वेबसाइटी खाली ढकलल्या. यादीसाठी ठेवलेलं नाव यादीचा नियम असेपर्यंतच कामाचं. शिवाय दवाखाना दुसऱ्या गावी हलला, तर जुन्या गावाचं नाव गळ्यात राहतं.

आडनाव टिकतं, पण तेही निर्धोक नाही. अमेरिकेत उझी निस्सान यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम घेतलं. १९९९ मध्ये निस्सान मोटारनं त्यांच्यावर दावा लावला. कित्येक वर्षं खटला चालला. नाव अखेर त्यांच्याकडेच राहिलं, पण छोट्या धंद्याला अशी लढाई परवडत नाही. तेव्हा आपलंच आडनाव असलं, तरी ट्रेडमार्कची नोंदवही आधी पाहावी.

आता शेपटाचं. २००० साली खास व्यावसायिकांसाठी डॉट प्रो मंजूर झालं. ते सुरुवातीला परवानाधारक डॉक्टर, वकील, हिशेबनीस अशांनाच मिळे. २०१५ पासून ते कुणालाही मिळतं. म्हणजे शेपूट पात्रतेचा दाखला नाही. उलट काही शेपटांना रहिवासाची अट असते. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ पासून केवळ ब्रिटनमध्ये राहतो एवढ्या आधारावर डॉट ईयू ठेवता येईना, आणि अनेकांची नावं बंद पडली. देश बदलत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये.

सप्टेंबर १९९५ पर्यंत डॉट कॉम नाव नोंदवायला पैसे पडत नसत. मग दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारणी सुरू झाली. रक्कम पुढे उतरली, पण तेव्हापासून नाव भाड्यानंच मिळतं, आणि भाडेकरू तोच, ज्याच्या नावावर नोंद आहे. मैत्रीण पूर्वी जिथे काम करत होती, त्या दवाखान्याचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. भांडण झालं आणि वेबसाइटबरोबर ईमेलही गेले. रुग्णांनी पाठवलेली पत्रं कुठे जात होती, कुणालाच कळेना.

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं. आत त्याचं रूपांतर पुन्हा रोमन अक्षरांतच होतं, पण पाटी आपल्या लिपीत लागते. पुण्यातल्या दवाखान्यानं ते जरूर घ्यावं. मैत्रिणीच्या इंग्रज रुग्णांकडे मात्र देवनागरी कळफलक नाही.

तिनं शेवटी आडनाव आणि 'फिजिओ' जोडून डॉट सीओ डॉट यूके घेतलं, कारण तिथल्या लोकांच्या बोटांना तीच सवय आहे. आडनावाचं दुसरं स्पेलिंगही घेतलं, नोंद स्वतःच्या नावावर केली आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेवलं. मग शेजारच्या सत्तरीतल्या इंग्रज आजींना फोनवर नाव सांगितलं. आजींनी ते लिहून दाखवलं, नेमकं दुसऱ्या स्पेलिंगनं.